दोरी तपासायचा थांबा

आमच्या वेळी कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, गाडीवर चढवायची म्हणजे दोन माणसं हवीत, दोरी हवी आणि सकाळचा अर्धा तास हवा. आता एक माणूस पुरतो, पट्टे आवळले की झालं, दहा मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. यातलं बरं कुठलं, असं विचारलं तर आमच्या पिढीतला कुणीही 'आताचं' म्हणेल. मीही तेच म्हणेन. तरी तो अर्धा तास मनातून जात नाही.

१९६७ साली कॅनडाने गुण मोजून स्थलांतरितांना प्रवेश द्यायला सुरुवात केली. त्यानंतर टोरांटोच्या आसपास येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमच्यासारख्या काहींना उत्तरेकडच्या तळ्यांचं वेड लागलं. जुनी फोक्सवॅगन वेस्टफालिया कॅम्पर व्हॅन घ्यायची आणि तिच्या टपावर जुनी ग्रमन कनू. ग्रमन ही मुळात लढाऊ विमानं बनवणारी कंपनी. दुसरं महायुद्ध संपता संपता तिने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या, रिव्हेट मारलेल्या कनू बनवायला घेतल्या. होडी सतरा फुटांची, वजन साधारण ३४ किलो. गाडी मात्र पंधरा फुटांचीच.

नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला. 'एक, दोन, तीन' म्हणत होडी उचलायची, हवेतच पालथी करायची आणि टपावरच्या फोमवर ठेवायची. मग दोऱ्या. दोन आडव्या, एक नाकापासून पुढच्या बंपरला, एक शेपटापासून मागच्याला. दोरीच्या मध्यावर एक फास करायचा, मोकळं टोक बंपरखालून घेऊन त्या फासातून ओवायचं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं. फास कप्पीचं काम करतो, दोरी ताणली जाते. ताण न सोडता वर दोन गाठी मारायच्या. ट्रकवाल्यांची ही गाठ आम्ही इथल्या शेजाऱ्यांकडून शिकलो. दोरी बोटाने छेडून बघायचं काम मुलांचं. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी बोलली तरच निघायचं. माल मागे दीड मीटर बाहेर आला तर आमच्या ऑन्टारिओ प्रांतात लाल खूण बांधावीच लागते. आमची होडी तेवढी बाहेर येत नसे, तरी जुन्या साडीचा लाल तुकडा शेपटाला बांधलेला असायचाच.

आता टपाच्या बाजूला गॅसच्या दट्ट्यांवर चालणारा स्टँड मिळतो. तो कमरेपर्यंत खाली येतो, होडी त्यात ठेवली की वर जाताना अठराएक किलोचा भार स्वतः पेलतो. होडीही हलकी झाली. १९६५ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या केव्हलारची कनू अठरा-वीस किलोंत बसते. आमच्यातल्या एक वहिनी सत्तरी ओलांडल्यावर एकट्या उत्तरेच्या अल्गोंक्विन उद्यानात जातात. पूर्वी बरोबरचं माणूस गेलं की होडी गॅरेजमध्ये पालथी पडायची ती कायमची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जुन्या दोऱ्या आनंदाने टाकून देईन.

पण दोरी तपासायला थांबावं लागायचं, त्याचं काय? नायलॉन भिजलं की ताणतं. शेजारून मोठा ट्रक गेला की काचेच्या वर दिसणारं होडीचं नाक हलायचं, आणि बोलणं थांबायचं. म्हणून निघाल्यावर वीस मिनिटांनी पहिला थांबा, मग वाटेवरच्या बॅरी, ग्रेव्हनहर्स्ट, हंट्सव्हिल या गावांत. एक जण दोऱ्या ओढून बघायचा, दुसरं कुणी डबा उघडायचं. टपावर होडी असलेली दुसरी गाडी शेजारी लागली की अनोळखी माणूस येऊन विचारायचा, 'कुठल्या तळ्यावर?' कुठली पायवाट चिखलाची, कुठल्या तळ्यावर दुपारनंतर वारा सुटतो, हे सगळं आम्हाला अशा थांब्यांवर कळलं. आता न ताणणारे पट्टे आहेत. वाऱ्याने गुणगुणू नयेत म्हणून त्यांना एक पीळ द्यायचा, एवढंच. टोरांटोहून निघालेली गाडी थेट उद्यानाच्या फाटकाशी थांबते. वाऱ्याची माहिती फोनवर मिळते आणि ती बहुतेक वेळा जास्त अचूक असते.

मुक्कामाला पोहोचल्यावर आमचा खरा खोळंबा व्हायचा. वेस्टफालियाचं छत वर उचललं की मुलांची झोपायची जागा तयार व्हायची, पण होडी खाली उतरवल्याशिवाय छत उचलता येत नसे. रात्र असो, पाऊस असो, आधी भिजलेल्या गाठी सोडायच्या, होडी उतरवायची, मग छत, मग पिठलं-भात. कंटाळलेल्या, भुकेल्या मुलांसमोर हे करणं जिवावर यायचं. आज त्याच मुलांच्या मुली ही हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

आताच्या उंच व्हॅनचं छत नऊ फुटांवर असतं आणि त्यावर सौरपॅनेल असतात. म्हणून होडीचीच घडी होऊन ती पलंगाखाली जाते. २०१२ साली बाजारात आलेली ओरू कयाक घडीची, तर काही कयाक हवा भरायच्या. हे सगळं नवं आहे असं आम्ही समजत होतो. पण जर्मनीत योहान क्लेपरने १९०७ मध्येच घडीच्या कयाकचा धंदा सुरू केला होता. लोक पिशव्यांत भरून त्या रेल्वेने नदीवर न्यायचे. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान यांनी अशाच क्लेपरमधून एकट्याने अटलांटिक ओलांडला. म्हणजे आमची टपावरची कनूच या घडीच्या होडीपेक्षा नवी. 'जुनं ते अस्सल' म्हणण्याआधी हे आठवलेलं बरं.

एक गोष्ट तर निखालस सुधारली. आम्ही एका तळ्यातलं पाणी होडीच्या तळाशी तसंच घेऊन दुसऱ्या तळ्यावर जायचो. झेब्रा जातीचे शिंपले १९८८ मध्ये ग्रेट लेक्सच्या परिसरात सापडले आणि ते अशाच पाण्यातून पसरतात हे कळलं. २०२२ पासून ऑन्टारिओत होडी रस्त्याने नेण्याआधी पाणी काढून, शेवाळ-पाणवनस्पती साफ करणं कायद्याने बंधनकारक आहे.

या उन्हाळ्यात व्हॅन घेऊन निघणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. स्टँड कितीही भक्कम असला तरी नाकाची दोरी बांधा. पहिल्या वीस मिनिटांनी गाडी बाजूला घ्या आणि पट्टे हाताने ओढून बघा, कारण होडी थोडं अंतर गेल्यावर जागेवर बसते आणि पट्टा सैल पडतो. थांबलाच आहात, तर शेजारच्या गाडीवर होडी दिसली की कुठल्या तळ्यावरून आलात, ते विचारा.