त्याच धक्क्याला परत

हवेविषयीं बोलणें म्हणजे बोलण्यासारखें दुसरें कांहीं नसल्याची कबुली होय, असें शहाण्यासुरत्या लोकांचें मत आहे. आम्हांस तें कधींच पटलें नाहीं. "आज गारठा फारच आहे बुवा," असें एक माणूस दुसऱ्यास म्हणतो, तेव्हां त्या वाक्यांत बातमी अशी कांहींच नसते. गारठा दोघांनाहि आधींच कळलेला असतो. "तुम्ही बसा, मीहि बसतों, घाई कांहीं नाहीं," एवढाच त्या वाक्याचा खरा अर्थ. ज्या घरांत हवेच्या गप्पा निवांत चालतात, तेथें कधींतरी मनांतल्या गोष्टीहि निघतात. जेथें एकदम कामाचें बोलणें सुरू होतें, तेथें काम संपलें कीं माणूस उठतो.

हें तत्त्व आम्हांस आमच्या रविवारच्या बैठकीनें शिकविलें. ही बैठक हौशी लेखकांची आहे. हौशी म्हणजे ज्यांच्या लिहिण्यावांचून कोणाचेंहि अडत नाहीं असे. एक निवृत्त डॉक्टर, एक भूगोलाचे प्रोफेसर, शाळेंत तीस वर्षें मराठी शिकविलेल्या एक बाई, सरकारी हिशेबखात्यांत सारी नोकरी केलेले आप्पा, आणि आम्ही. अकरा वर्षें झालीं, दर रविवारीं सकाळीं आठ वाजतां पुण्यांत डॉक्टरांच्या घराच्या पूर्वेकडील ओसरीवर ही मंडळी जमते. प्रत्येकानें कांहींतरी लिहून आणावें व तें वाचावें, असा नियम आहे. पावसाळ्यांत तो पाळला जातो. हिवाळ्यांत मात्र ओसरीवर उन्हाची तिरीप उतरते, तिच्या मागोमाग खुर्च्या सरकत जातात, चहाची दुसरी किटली येते, आणि कागद ज्या पिशव्यांतून आले त्याच पिशव्यांतून घरीं परत जातात. यंदाच्या पौषांत असे दोन रविवार गेले होते. तिसऱ्याची ही हकीकत आहे.

आरंभ नेहमींसारखाच झाला. आप्पा कानटोपीवर मफलर गुंडाळून आले आणि खुर्चींत बसण्यापूर्वींच म्हणाले, "ही काय थंडी! थंडी होती ती जुन्या काळची." त्यावर प्रोफेसरांनीं दरवर्षींचा आंकडा सांगितला. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्यांत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. त्याच्याखालीं तो अद्याप गेलेला नाहीं. "आणि आपला जन्म, आप्पा, त्यानंतर बारा वर्षांनीं झाला," हेंहि त्यांनीं सौम्यपणें जोडलें. पुण्याला थंडीचा हिशेब ठेवण्याचा अभिमान आहेच. १९२८ सालीं हवामानखात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून येथें आली. पुढें ती दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. जणूं थंडी तेथूनच सुटते!

मग पुण्याला एवढी थंडी कां आणि मुंबईला कां नाहीं, हा विषय निघाला. प्रोफेसर म्हणाले, "आपल्याकडे हवा कोरडी, आकाश निरभ्र. जमीन दिवसभर मिळविलेली ऊब एका रात्रींत उधळून टाकते. मुंबईच्या दाराशीं समुद्र आहे. तो मोठा हिशेबी. सावकाश तापतो, सावकाश निवतो." २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला, हा मुंबईचा नीचांक. तेवढी थंडी पुण्याला चांगल्या हिवाळ्यांत सहज पडते.

समुद्राचें नांव निघालें कीं डॉक्टर आंत जातात आणि एक रंगीत माहितीपत्रक घेऊन येतात. मुंबईस जहाजावर चढावयाचें, दोन रात्री समुद्रावर काढावयाच्या, आणि पुन्हां मुंबईस उतरावयाचें, अशी ती सहल. हल्लींचीं मुलें तिला 'क्रूझ' म्हणतात. हा बेत आमच्या बैठकींत सहा वर्षें पक्का होत आहे. कोणीं कोणाच्या खोलींत निजावयाचें हें ठरलेलें आहे. कोण घोरतो हें ठाऊक आहे. कोणाला बोट लागेल याचाहि अंदाज झालेला असून डॉक्टरांनीं गोळ्या योजून ठेवल्या आहेत. फक्त तिकिटें तेवढीं काढलेलीं नाहींत.

त्या दिवशीं प्रोफेसर म्हणाले, "ही सहलीच्या बोटीची कल्पनाच मुळीं थंडींतून निघाली आहे." आणि त्यांनीं गोष्ट सांगितली ती अशी. युरोपांतून अमेरिकेस जाणारीं मोठमोठीं जहाजें हिवाळ्यांत ओस पडत. उत्तर अटलांटिक खवळलेला, वारा बर्फासारखा. अशा वेळीं निकड असल्यावांचून कोण निघतो? जहाज नुसतें उभें राहिलें तरी खर्च चालूच. तेव्हां हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनीं 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हें जहाज २२ जानेवारी १८९१ रोजीं कुक्सहाफेन बंदरांतून २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राकडे सोडलें. कोणाला कोठें पोंचविण्याकरितां नव्हे; ऊन दाखवून परत आणण्याकरितां. अशा सहलींचा धंदा त्या सफरीपासून खरा मार्गीं लागला.

"आपल्याकडे अगदीं उलट," प्रोफेसर पुढें म्हणाले. "त्यांचा हिवाळा समुद्र बंद करतो, आपला हिवाळा समुद्र उघडतो. पावसाळ्यांत कोंकणची बंदरें मिटलेलीं. नारळीपौर्णिमेला नारळ द्यावयाचा, आणि मग हळूहळू होड्या बाहेर. थंडीच्या दिवसांत तर समुद्र तळ्यासारखा. दिवसा खारा वारा, रात्रीं मतलई. कोंकणच्या बोटी चालत त्या याच महिन्यांत."

कोंकणच्या बोटीचें नांव निघतांच आप्पा, जे एवढा वेळ कानटोपींत गप्प होते, ते एकदम म्हणाले, "तीच तर गोष्ट! ती बोट माणसाला कोठें तरी नेत होती. मुंबईच्या धक्क्यावर चढायचें आणि मुंबईच्याच धक्क्यावर उतरायचें, याला प्रवास म्हणत नाहींत. याला जत्रेंतला पाळणा म्हणतात."

आम्हांस वाङ्मयाची बाजू घेणें भाग पडलें. आम्ही म्हणालों, "आप्पा, या पाळण्यांतून मोठमोठे लेखक फिरून आले आहेत. १८४४ सालीं थॅकरेला एका आगबोट कंपनीनें फुकट प्रवास देऊं केला, आणि तो लंडनहून कैरोपर्यंत हिंडून आला. त्याचें पुस्तक १८४६ सालीं निघालें. १८६७ सालीं मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' नांवाच्या बोटीनें न्यूयॉर्कहून निघाला आणि न्यूयॉर्कलाच परत आला. भाडें एका वर्तमानपत्रानें भरलें होतें. त्यावरचें त्याचें पुस्तक—"

"त्यांचीं पुस्तकें लोकांनीं विकत घेतलीं," आप्पा आम्हांस मध्येंच तोडून म्हणाले. "आपण कोणाकरितां लिहितों? राग मानूं नका, पण आपलेंहि त्या पाळण्यासारखेंच आहे. अकरा वर्षें याच ओसरीवरून निघतों आणि याच ओसरीवर उतरतों. पुढच्या रविवारपासून हें बंद करूं या. गप्पा मारायला बोलवा, आनंदानें येईन. पण लेखक म्हणूं नका. आतां लाज वाटते."

कोणीच कांहीं बोललें नाहीं. डॉक्टरांनीं माहितीपत्रकाची घडी घातली. आम्हांस तर तें बोलणें फारच लागलें. त्याच महिन्यांत आमचे दोन लेख साभार परत आले होते, आणि ती गोष्ट आम्हीं बैठकींत कोणास सांगितली नव्हती. माणसाचें बोलणें खोटें असलें तर उत्तर सुचतें. अर्धें खरें असलें म्हणजे माणूस चहा पितो. आम्ही चहा प्यालों.

तेव्हां बाईंनीं पिशवींतून एक कागद काढला आणि अगदीं सहज म्हणाल्या, "मी जाऊन आलें."

"कोठें?"

"त्याच बोटीनें. मार्गशीर्षांत. एकटीच गेलें. तुम्हां सर्वांना विचारलें असतें, तर पुन्हां पुढच्या वर्षावर गेलें असतें."

आणि नियमाप्रमाणें त्यांनीं वाचावयास सुरुवात केली. पान-दीड पानच होतें. जहाज म्हणजे वाड्यावर वाडे रचल्यासारखें. जेवणघरांत लग्नासारखी गर्दी. संगीत एवढें मोठें कीं समुद्र ऐकूं येऊं नये. आपण एवढे पैसे उगीच घातले, असें त्यांस पहिल्या संध्याकाळीं वाटलें. रात्रीं झोंप येईना, म्हणून तीनच्या सुमारास शाल पांघरून त्या वर उघड्यावर आल्या. तेथें कोणी नव्हतें. जमिनीकडून गार वारा येत होता, आणि त्याला पाचोळा जाळल्यासारखा धुराचा वास होता. दूर काळोखांत एक दिवा ठरल्या वेळानें लागत होता आणि विझत होता. खुर्च्या आवरणारा एक मुलगा जवळून चालला होता. त्यांनीं विचारलें, तो दिवा कसला? तो म्हणाला, "आजी, तो देवगडचा दिवा. त्याच्या अलीकडे आमचें घर." आठवड्यांतून दोनदां तो तेथून जातो. बोट तेथें थांबते का, असें विचारतां तो हंसला. कोंकणांत आतां बोट कोठें थांबते? "आईला वेळ ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती ओटीवरचा दिवा लावून ठेवते. येथून तो दिसत नाहीं. पण दिसला म्हणून मी फोनवर सांगतों."

एवढ्यावरच बाईंचें वाचन संपलें. त्यांनीं कागद पिशवींत ठेवला आणि किटलीला हात लावून ती गार झाली कीं काय हें पाहिलें.

बऱ्याच वेळानें आप्पा बोलले. मान खालींच होती. "आमची बोट मालवणास थांबायची," ते म्हणाले. "थांबायची ती दूर, खोल पाण्यांत. पडावांतून तिच्यापर्यंत जावें लागे. छप्पन सालीं मला मुंबईस मामांकडे शिकायला धाडलें. मी नऊ वर्षांचा. आई पडावांतून बोटीपर्यंत पोंचवायला आली होती. मला खलाशानें वर ओढून घेतलें, आणि पडाव परत फिरला. त्यांत सात-आठ बायका होत्या. सगळ्यांनीं डोक्यावरून पदर घेतलेले. सगळ्याच हात हलवीत होत्या. त्यांतली आई कोणती, तें मला कळेना. मग मीं सगळ्यांनाच हात केला."

डॉक्टर हळूच म्हणाले, "आप्पा, अकरा वर्षांत हें तुम्हीं लिहिलें कसें नाहीं?"

"यांत लिहिण्यासारखें काय आहे? सगळ्यांच्याच आया धक्क्यावर राहिल्या." हिशेबखात्यांत न शोभणारा असा त्यांचा आवाज झाला होता. त्यांनीं कानटोपी सारखी केली.

बाईंनीं विचारलें, "मग पुढच्या रविवारपासून बंद करायचें ना?"

आप्पांनीं उत्तर दिलें नाहीं. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली होती. मंडळी उठली.

घरीं जातांना आम्ही त्यांच्या बोलण्याचा विचार करीत होतों. आमची बोट कोठेंहि पोंचत नाहीं, हें खरेंच आहे. ज्यांना पोंचावयाचें आहे त्यांच्या बोटी निराळ्या, त्यांचीं बंदरेंहि निराळीं. त्यांचा हेवा करून उपयोग नाहीं. परंतु निघालेल्या धक्क्यालाच परत येणारी बोटहि रात्रीं कोणाच्या तरी गांवावरून जाते. त्या वेळीं कोणी एकजण उठून बाहेर उभा असेल, तर त्याला दिवा दिसतो. तो दिवा त्यानें परत येऊन चार माणसांना सांगितला, तर त्यांतल्या एखाद्याचें घर तेथें असूं शकतें. हौशी लेखनाकडून याहून अधिक मागणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आणि याहून कमीवर समाधान मानणें हेंहि बरें नाहीं. आम्हीं सहा वर्षें नुसते बेत केले, आणि बाई तिकीट काढून गेल्या, हा फरक विसरतां येण्यासारखा नव्हता.

पुढच्या रविवारीं आप्पा थोडे उशिरां आले. खिशांतून त्यांनीं रेघारेघांचे दोन कागद काढले आणि चष्मा पुसून वाचूं लागले. भाषा हिशेबाच्या टांचणासारखी होती. बोटीचें भाडें आण्या-पैसुद्धां दिलें होतें. मामांनीं घेतलेल्या ट्रंकेची किंमत होती. पडावांतील बायकांची संख्या प्रथम आठ लिहून मग खोडून सात केली होती. आम्हांपैकीं कोणींहि सुधारणा सुचविली नाहीं. वाचून झाल्यावर आप्पांनीं कागदांची घडी घालून ते पुन्हां खिशांत ठेवले, आणि ओसरीवरून बाहेर बघत म्हणाले, "आज गारठा जरा कमीच आहे, नाहीं?"

प्रोफेसरांनीं ताबडतोब आंकडा सांगितला. डॉक्टर माहितीपत्रक आणावयास आंत गेले. या वेळीं येतांना त्यांच्या हातीं लेखणीहि होती, आणि त्यांनीं प्रथम आप्पांचें संपूर्ण नांव विचारून तें लिहून घेतलें.