पंधराचा डबा

वाण्याच्या दुकानात ओळीने मांडलेले तेलाचे डबे सगळे सख्खे भाऊ दिसतात. चौकोनी पत्र्याचं अंग, माथ्यावर कडी, पोटावर शेंगांचं नाहीतर सूर्यफुलाचं चित्र आणि ठळक अक्षरात 15. त्यातला एखादा 15 किलोचा असतो, दुसरा 15 लिटरचा. गिऱ्हाईक विचारतं, ‘‘पंधराचा डबा कितीला?’’ आणि स्वस्त असेल तो उचलतं. स्वस्त असणारच, त्यात तेलच कमी आहे.

लिटर म्हणजे किलो ही सवय आपल्याला पाण्याने लावली. तेल पाण्यापेक्षा हलकं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, कुठलंही घ्या, लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरवाल्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅम, आणि किलोवाल्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोघांत दीड लिटरचा फरक. दिवाळीच्या चकल्या तळायला कढईत ओततो, तेवढं तेल झालं हे. भाव ताडून बघायचा तर लिटरच्या भावाला 0.91 ने भागावं: 150 रुपये लिटर म्हणजे 165 रुपये किलो.

मला किलोचा डबा जवळचा वाटतो. तो शब्दाचा पक्का आहे. उन्हाळ्यात तेल फुगतं, थंडीत आकसतं, पण आत भरलेलं वजन हलत नाही. लिटरचं तसं नाही. लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 892.6 ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर नेमकं हे 60 अंश छापत आणि एक लिटर म्हणत. साठ अंशांवर तेल ठेवणारं स्वयंपाकघर कुठे असतं? दर लिटरमागे 26 ग्रॅम तेल गिऱ्हाइकाच्या हातून जात होतं, आणि तेही कागदोपत्री बिनचूक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं, तापमान लिहू नका, आकारमानासोबत वजनही छापा, आणि ते बरोबर असू द्या. मुदत 15 जानेवारी 2023 ची दिली. हे फार आधी व्हायला हवं होतं. आता बारीक अक्षरातली ती ग्रॅमची ओळ वाचायचं काम तेवढं आपलं.

डबा फोडणं हीही एक रीत आहे. माथ्याच्या एका कोपऱ्यात भोक पाडायचं आणि समोरच्या कोपऱ्यात हवेसाठी दुसरं, बारीक. ते विसरलं की तेल गचके देत भसाभसा येतं आणि बरणीपेक्षा ओट्यावर जास्त सांडतं. तळाशी राहिलेल्या तेलासाठी डबा उन्हात ठेवून, तिरका करून निथळत लावतात.

रिकामा झाला की वरचा पत्रा कापून, झाकण बसवून तो दळणाला जातो. तिथेही त्याच्या पोटावरचा 15 खरा धरू नये. गव्हाने काठोकाठ भरला तरी तेरा किलोच्या आसपासच जातो, आणि त्याच गव्हाचं पीठ परत त्यात बसवायला गिरणीवाल्याला डबा दोन-तीनदा जमिनीवर आपटावा लागतो.