बुज्जीच्या आधीची गाडी

सिनेमातली गाडी बघायला आपण मॉलमध्ये गर्दी करतो. या वीकेण्डला किक मारून सुरू होणाऱ्या एका जीपचं गाव बघून येऊ या?

'कल्की २८९८ एडी'मधली बुज्जी आठवतेय? पुढे दोन अवाढव्य चाकं, मागे एक, वजन सहा टन आणि आत बसलेला प्रभास! २२ मे २०२४ ला हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. मग प्रमोशनसाठी शहराशहरांत फिरली, मुंबईतही येऊन गेली. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी मार्च २०२२ मध्ये आनंद महिंद्रांकडे ट्विटरवरूनच मदत मागितली होती. चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीने तांत्रिक साथ दिली आणि कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजने गाडी घडवली.

गंमत म्हणजे, त्याच्या दोनच महिने आधी याच रिसर्च व्हॅलीच्या संग्रहासाठी एक भन्नाट गाडी ठरली होती. ती होती आपल्या सांगली जिल्ह्यातली, देवराष्ट्रे गावची.

तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने घरच्यांसाठी चारचाकी बनवली. शोरूमची पायरी चढणं परवडणारं नव्हतं, म्हणून भंगारातले आणि जुन्या गाड्यांचे पार्ट जमवून. खर्च साधारण साठ हजार रुपये. दिसायला छोटी जीप, पण सुरू करायची बाइकसारखी, किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि आनंद महिंद्रांनी तो शेअर केला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाणार, असं सांगून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये नवी बोलेरो त्या कुटुंबाच्या हाती आली.

सौदा झक्कास, यात वाद नाही. बोलेरोला नंबर प्लेट आहे, विमा आहे, ती बिनधास्त हायवेवर जाते. तरी एक गोष्ट खटकतेच. बुज्जी बनली ती बघण्यासाठी. ती शोपीस म्हणून उभी राहिली तर बिघडलं कुठे? ही जीप मात्र पोरांना बसवून फिरवण्यासाठी बनली होती. इंजिनीअर्सना प्रेरणा मिळावी म्हणून ती काचेपलीकडे गेली, आणि तिची किक बंद झाली.

म्हणूनच, गाडी नसली तरी गाव बघण्यासारखं आहे. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १२ मार्च १९१३ ला ते इथे, आजोळी जन्मले. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याच वर्षी यशवंतराव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

लोखंडाशी दोस्ती तर या पट्ट्याला नवी नाहीच. जवळच किर्लोस्करवाडी आहे. नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना आणि त्याच्याभोवती गाव वसवलं. त्यांची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली होती! वाकवा, ठोका, जुळवा आणि चालवून बघा, हे इथे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. त्यामुळे किकवाली जीप नेमकी इथेच बनली, याचं आश्चर्य कमी वाटतं.

गावाला लागूनच सागरेश्वर अभयारण्य आहे. एकेकाळच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर लोकांनी झाडं लावून उभं केलेलं हे जंगल. चितळ, सांबर, काळवीट बघायचे तर सकाळी लवकर पोचा. शंकराची जुनी देवळंही बघून घ्या, मस्त गारवा असतो.

कसं जाल?
पुण्याहून बंगळुरू हायवेने खंबाटकी, सातारा करत कराडला या. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे, तिथे थोडं थांबा. मग हायवे सोडून ताकारीच्या बाजूने देवराष्ट्रे गाठा. रेल्वेने आलात तर किर्लोस्करवाडी स्टेशन आहेच. पावसाळा संपल्यावर, थंडीत या. आणि गावात कुणाचं वर्कशॉप उघडं दिसलं, तर फोटोआधी 'काय बनवताय?' एवढं नक्की विचारा.