बालाघाटावरचा उन्हाळा

मे महिना लागला की पुण्या-मुंबईची माणसं समुद्राकडे निघतात. गुहागर, मुरूड, तारकर्ली. लाटांजवळ बसलं की मन निवतं, हे खरंच आहे. आमच्या पाटोद्याला ती सोय नाही. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून आलं की बालाघाटाचं उघडं पठार लागतं. बरड जमीन, पानं झडलेल्या सीताफळी आणि दुपारी डोळ्यांना बोचणारं ऊन. तरीही आमच्याकडे उन्हाळ्याची वाट पाहतात, कारण याच दिवसांत माणसं घरी येतात.

दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होतात. नवरा-बायकोचा एक कोयता, अशा जोड्या मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागे उरतात म्हातारे, शाळेतली लेकरं आणि दाराला लावलेली कुलपं. मग गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडतो आणि पाडव्याच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर परतू लागतात. त्यांत भांडीकुंडी, बाचकी, कोंबड्या आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. एखादं पोर आईला आधी ओळखतच नाही, आजीच्या मागे लपतं. दुसऱ्या दिवशी मात्र तिचा पदर सोडत नाही.

त्या पहिल्या रात्रीची झोप मला फार मोलाची वाटते. पहाटे तीनला उठून फडात जायचं नसतं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची नसते. माळवदावर वाकळ टाकायची आणि पडायचं. आता बऱ्याच घरांवर सिमेंटचा स्लॅब आलाय. तो रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, म्हणून पाणी शिंपडून मगच अंथरूण घालतात. पठारावरचा वारा मध्यरात्रीनंतर गार होतो. कुणी फारसं बोलत नाही. सहा महिन्यांचं बोलणं साचलेलं असतं, पण सगळे आपल्या जवळ आहेत एवढंच त्या रात्री पुरतं.

अक्षय तृतीयेला करा-केळी आणतात. मातीच्या त्या दोन नव्या घड्यांत पाणी भरून गेलेल्या माणसांच्या नावानं पुजतात, आमरस-पुरणपोळीचं जेवण होतं. जिथे हंड्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते, तिथे पितरांना पहिलं काय द्यायचं, तर पाणी. कृतज्ञता म्हणजे काय हे मला याहून सोप्या रीतीनं कुणी शिकवलेलं नाही.

आणि पाणी आमच्याकडे सुरू होतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मांजरा नदी उगम पावते ती पाटोदा तालुक्यात, गवळवाडीजवळ, सुमारे ८२३ मीटर उंचीवर. तिथून ती लातूर, बिदरकडून फिरत निजामसागराचं १९३१ साली पुरं झालेलं धरण भरते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा कड्यावरून खाली झेपावते. ती सीनेला मिळते, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला, भीमा कृष्णेला. एकाच तालुक्यावर पडलेला पाऊस असा दोन वाटांनी जातो आणि शेवटी दोन्ही वाटा बंगालच्या उपसागरातच पोचतात. समुद्र आम्ही पाहायला जात नसू, पण त्याला आमच्याकडून पाणी जातं. जूनमध्ये तिकडच्या अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर बहुतेक रिते होतात आणि उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं. त्यातलंही आम्ही पुढे पाठवतो.

मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं कृष्णेचं पाणी आणावं लागलं. तेव्हापासून कोरड्या उगमाकडे पाहताना मला वाईट वाटतं, पण राग येत नाही. जी नदी स्वतःच्या गावात उन्हाळ्यात थांबू शकत नाही आणि पुढच्यांची तहान भागवते, तिच्यात आणि ऊस तोडून इतरांची साखर गोड करणाऱ्या आमच्या माणसांत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांचं ऋण मोठं आहे आणि ते मान्य करायला कुणाला अजून सवड झालेली नाही.

दुपारी कुणाच्याही ओट्यावर टेकलं की आतून म्हातारी आवाज देते, “आधी पानी पी बाबा, मंग बोल.” तांब्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. त्या पाण्याला मातीचा वास असतो. लिंबाच्या सावलीत ते घशाखाली उतरतं तेव्हा डोक्यातली सगळी घाई संपते. समुद्राकाठी लोकांना जे मिळतं ते हेच असावं, असं मला मनापासून वाटतं.

सौताड्याचा धबधबा पाहायला लोक पावसाळ्यात येतात. तुम्ही एकदा उन्हाळ्यात या, माणसं घरी असताना. पाणी मागावं लागणार नाही, तांब्या आपोआप पुढे येईल. लागेल तेवढंच घ्या आणि घेतलेलं फेकू नका.