दोरी बांधलेला डवरा

आमच्या डवऱ्याचं रुमणं आखूड आहे. बाबांची उंची बेताची. वाढ्याला समोर बसवून त्यांनी ते आपल्या कमरेच्या मापानं करून घेतलं होतं. मी त्यांच्याहून वीतभर उंच निघालो, त्यामुळे हा डवरा जेव्हा धरला तेव्हा वाकूनच धरला. थोड्याच वेळात पाठ बोलायला लागे. नवं रुमणं घालू का, असं विचारलं की बाबा म्हणत, "डवरा बरोबर हाय. तूच लंबा झाला."

पुण्याकडच्या माणसाला कोळपं म्हटलं तर कळेल. आमच्याकडे, बुटीबोरीच्या काळ्या मातीत, त्याला डवरा म्हणतात. दिसायला गरीब अवजार. आडवं खोड, त्यात बसवलेली दोन जानकुळं, त्यांच्या टोकांना अडकवलेली लोखंडी पास, आणि धरायला रुमणं. पास बोटभर खालून सरकत जाते, तणाची मुळं कापते, वरची पोपडी फोडते. पावसानं उघडीप दिली की काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. डवरा त्या भेगा बुजवतो. आमची पास ट्रकच्या तुटक्या पाट्याची होती. सात नंबरचा हायवे, आता त्याला चव्वेचाळीस म्हणतात, गावाजवळूनच जातो. तिथल्या गॅरेजमधून मोडके पाटे लोहाराकडे येत. कन्याकुमारीला निघालेल्या कुठल्याशा ट्रकचा तुकडा आमच्या वावरात फिरत होता, याची मला लहानपणी फार मौज वाटे.

पाऊस थांबला की बाबा वावरात जाऊन मूठभर मातीचा लाडू वळत आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडून देत. लाडू फुटला तर वाफसा आला. नाही फुटला तर घरी येऊन चहा.

१९७८ च्या पावसाळ्यात, मी बारा वर्षांचा असताना, त्यांनी पहिल्यांदा डवरा माझ्या हाती दिला. आमच्याकडे एका जोडीमागे दोन डवरे चालतात. पुढे मुसकी बांधलेले बैल, एका तासात बाबा, शेजारच्या तासात मी. पऱ्हाटी टीचभर वाढलेली. रुमण्यावर भार जरा इकडचा तिकडे झाला की पास तिरपी होते आणि तणाऐवजी पऱ्हाटीच आडवी होते. माझ्या डवऱ्याखाली एक गेली, दोन गेल्या. बाबा काही बोलले नाहीत. प्रत्येक कापलेलं रोप उचलून ते बंडीच्या खिशात टाकत होते. रात्री जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी ओळीनं सात रोपं मांडलेली. सुकून दोऱ्यासारखी झालेली.

"दिवाळीले हे येचायचे होते," एवढंच म्हणाले, आणि भाकर मोडली.

माय म्हणाली, "जेवू द्या नं पोट्ट्याले." मी जेवलो. पण ती सात रोपं आजही मोजता येतात.

मालगुजारी १९५१ साली गेली, तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. आपल्या बापाला दुसऱ्यापुढे हात जोडून उभं राहताना त्यांनी पाहिलं होतं. म्हणून असेल, पण कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा त्यांचा एकमेव अहंकार. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांनी सदऱ्याला लावला, तोही 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेतल्या पहिल्या दोन शब्दांसाठी. दाम मिळाला नाही तरी चालेल, असं त्यांच्या वागण्यावरून वाटे.

गंमत अशी, की या स्वतंत्र माणसाकडे बैल एकच होता. जोडीतला दुसरा शेजारच्या काकाजींचा. दोन दिवस आमच्या वावरात, दोन दिवस त्यांच्या. त्याला सांगड म्हणत. डवऱ्याचं लाकूड वाढ्यानं तासलेलं, पास लोहाराची, अर्धी ताकद काकाजींच्या बैलाची. बाबांचं नुसतं रुमणं. मी एकदा हे बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "काकाजीले इचार, त्याचा बी एकच बैल हाय." मला ते उत्तर तेव्हा कळलं नव्हतं.

मग एमआयडीसी आली. आमचं वावर हद्दीबाहेर राहिलं, काकाजींचं आत गेलं. त्यांनी मोबदल्यातून स्लॅबचं घर बांधलं, टेम्पो घेतला आणि बैल बाजारात नेला. सांगड तुटली. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बाबा एकाच बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत बसले होते. काकाजी दाराशी आले, टेम्पोची किल्ली हातात. बसले नाहीत, गेलेही नाहीत. दुसरा बैल मायच्या पाटल्यांवर आला.

मी आयटीआय केलं आणि पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो. बाप कापूस पिकवणारा आणि लेक त्याच्या वैऱ्याच्या घरी चाकरीला. पहिल्या दिवाळीला बाबांना टेरिकॉटचा सदरा आणला. त्यांनी तो लग्नकार्याला घातला, घाम आला की म्हणत, "तुया कारखान्याले घाम पुसता येत नाही." रविवारी मात्र मी डवऱ्यावर असे, वाकून.

पुढचं लवकर घडलं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ती पाकिटं गावोगाव आली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी असे, कडेनं लावायची. सगळे ती फेकत. बाबा कधीमधी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेत जाऊन कान उघडे ठेवून येत; ते पुडी लावत. "अळीलेही जेवू द्या, मंग ते आपल्या ताटावर येत नाही." २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा आमचीही पोखरली. एकट्याच्या धुऱ्यानं काय होणार!

तोवर तणनाशकाचे पंप आले होते. डवरा वर्षातून एकदाच निघे, शेवटच्या पाळीला. त्या पाळीला बाबा जानकुळांना अंबाडीची दोरी गच्च गुंडाळत. माती दोहीकडे लोटली जाई, पऱ्हाटीला भर लागे आणि मध्ये सरी पडे. मागून आलेला पाऊस तिच्यात थांबे. नायलॉनची दोरी त्यांना चालत नसे. निसटते म्हणत.

२०१९ च्या थंडीत ते गेले. वावर मी मक्त्यानं दिलं. डवरा कोठ्यात आढ्याला टांगलेला राहिला.

यंदा ऑगस्टात पावसानं दडी मारली. वावर करणारा पोरगा मोटारसायकलवर आला, म्हणाला, "काका, तुमच्याकडं जुना डवरा हाय म्हणते. सऱ्या पाडाच्या होत्या." बैलजोडी त्यानं भाड्यानं ठरवली होती. आम्ही डवरा खाली घेतला. जाळी-जळमटं झटकली तर जानकुळांना शेवटच्या पाळीची दोरी तशीच, मातीसकट वाळून लाकडासारखी घट्ट. त्यानं गाठीला नख लावून पाहिलं. सुटेना.

"कापू काय, काका?"

"कापतो कायले? बांधायचीच तर हाय," मी म्हटलं.

त्यानं डवरा खांद्यावर घेतला. जाताना रुमणं हातात धरून पाहिलं. पोरगा ठेंगणा आहे; त्याला ते बरोबर बसलं.