आधी पेटी, मग कॉम्प्रेसर

गोंदिया



काल फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, की तुझ्या शिडाच्या बोटीसाठी समोरून दार उघडणारा दीडशे लिटरचा फ्रीज ठरला, वर वेगळा फ्रीझर, आणि आता आगाऊ पैसे भरायचे तेवढे राहिलेत. तेव्हापासून मामाचा जीव थाऱ्यावर नाही. ज्याचं लहानपण बर्फ कारखान्याच्या ओट्यावर गेलं, त्यानं असा फ्रीज निवडावा? तुझ्या आईला अजून काही कळू दिलेलं नाही.

ओट्यावरचा मे महिना आठव. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून डबा वर यायचा, बाहेरून साधं पाणी ओतलं की लादी सुटायची. हमाल ती आकडीनं ओढून धानाच्या भुशावर निजवायचा, वरून पुन्हा भुसा आणि ओलं गोणपाट. उघडी लादी हातगाडीवरून मासळी बाजारापर्यंत जाताना गळून जायची. झाकलेली संध्याकाळच्या गाडीत चढवतानाही तिच्या कडा शाबूत असायच्या. आजोबा कॉम्प्रेसरच्या आधी भुशाचा साठा बघायला जायचे, ते उगाच नाही.

समुद्रावरही तेच. 1833 मध्ये बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडरच्या ‘टस्कनी’ या शिडाच्या जहाजानं बोस्टनहून कलकत्त्याला बर्फ आणला. निघाला सुमारे 180 टन, चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, पोचला सुमारे 100 टन. जहाजावर यंत्र नव्हतं. होत्या त्या दुहेरी भिंती आणि त्यांच्यातला कोरडा भरणा.

म्हणून आधी पेटी, मग कॉम्प्रेसर. साठ-ऐंशी लिटरची, वरून झाकण उघडणारी पेटी घे. थंड हवा जड असते; समोरचं दार उघडलं की ती खाली सांडते, वरचं झाकण उघडलं तर बरीचशी आतच राहते. भिंतीला चारही बाजूंनी निदान 10 सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम हवा, तळाला त्याहून जास्त. जाडी दुप्पट केली की भिंतीतून शिरणारी उष्णता जवळपास निम्मी होते. फोमच्या बाहेरून, म्हणजे गरम बाजूनं, बाष्परोधक थर लाव. फोममध्ये ओल शिरली की तो फोम कामातून गेला. तळाच्या निचऱ्याच्या भोकाला पाण्याचा अडसर ठेव, नाहीतर रात्रभर तिथूनच थंडी गळेल.

आता हिशेब. 12 व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर, उदाहरणार्थ पूर्वी डॅनफॉसचा आणि आता सेकॉपचा बीडी-35, चालताना 4 अँपिअर ओढतो असं धर. पेटी चांगली असेल आणि तो दिवसातून 12 तास चालला तर 48 अँपिअर-तास. पेटी पाझरकी असेल, 20 तास चालला, तर 80. तुझ्याकडे 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी आहे, तिच्यातून निम्म्यापलीकडे उपसलं की तिचं आयुष्य घटतं. 100 वॉटचं सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 30 अँपिअर-तास देतं, आणि शिडाची सावली पडली की तेवढंही नाही. मग फ्रीझर कशावर चालवणार? कंडेन्सर इंजिनाच्या खोलीत कोंबू नकोस, त्याला मोकळी हवा लागते. इंजिनावर चालणाऱ्या, थंडी साठवणाऱ्या प्लेटा चांगल्या असतात, पण त्यांच्यासाठी रोज इंजिन चालवावं लागतं आणि डिझेल जाळावं लागतं.

‘दोंदे गेले, मग मी का नाही?’ असं तू विचारलंस. अरे, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात त्यांची शिडाची बोट ‘म्हादेई’ तयार झाली, तिच्या कामात कमांडर दिलीप दोंदे 2006 पासून होते. 2009 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. आधीची ती वर्षं बघ, मग बोल. आणि मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’ या शिडाच्या बोटीवरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवस न थांबता पृथ्वीभोवती गेले, ते डबाबंद अन्नाच्या भरवशावर.

एवढ्यावर मामा थांबणार नाही; अशी पेटी इकडेही हवी आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नवेगाव बांध तलावाच्या आणि इटियाडोह धरणाच्या काठावर ढिवर बांधव पहाटे जाळं काढतात. ऊन चढायच्या आत मासळी विकली नाही, तर मिळेल त्या भावाला द्यावी लागते. त्यांना हवी आहे ती जाड भिंतीची एक पेटी आणि एक लादी. 25 किलोच्या लादीला, पेटीत सतत 20 वॉट उष्णता शिरत राहिली तरी, पूर्ण वितळायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. धानाच्या गिरण्यांच्या या जिल्ह्यात भुशाचे ढीग लागतात आणि मासळी मात्र उन्हात सडते, हे मामाला सहन होत नाही. तुझी पेटी झाली की तिचं माप इकडे पाठव. तशी एक बांधच्या काठावर करून बघू.

पण खरी भीती वेगळीच आहे. तू बोटीनं कारवार, मंगळूर, कोची आणि पुढे लक्षद्वीपला जायचं म्हणतोस. रात्री मालवाहू जहाजांच्या वाटेवर तुझी बॅटरी फ्रीजनं संपवलेली असेल तर डोलकाठीवरचा दिवा, व्हीएचएफ रेडिओ आणि इतर जहाजांना तुझी जागा कळवणारं एआयएस एकदमच जातील. समोरून येणाऱ्या जहाजाला तू दिसणार कसा? फ्रीजसाठी वेगळी बॅटरी ठेव, आणि व्होल्टेज उतरलं की फ्रीज आपोआप बंद करणारं कटऑफ लाव. यात काटकसर नको. पैसे कमी पडले तर मामा देईल.

रविवारपर्यंत आगाऊ पैसे भरू नकोस. दिवे, रेडिओ, पंप आणि फ्रीज दिवसाला किती वीज घेतात ते कागदावर मांड आणि तो कागद आधी मामाला पाठव.

तुझा,
मोठा मामा