व्रणांसकट

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक तपशील असा आहे की तो वाचून सरळ पुढे जाता येत नाही. येशू मरणातून उठला आहे. दारं लावून भेदरून बसलेल्या शिष्यांमध्ये तो येऊन उभा राहतो आणि ओळख पटवायला दाखवतो काय, तर हात आणि कूस. खिळ्यांच्या खुणा तशाच, भाल्याची जखम तशीच. ज्यानं मरण परतवलं त्याला एवढे व्रण बुजवता आले नसते? चमत्कारच लिहायचा होता तर नितळ, डाग नसलेलं शरीर लिहिणं किती सोपं होतं! ईस्टरच्या शुभेच्छापत्रांवर ते तसंच असतं: पांढरीशुभ्र वस्त्रं, लिलीची फुलं, मागे गुलाबी पहाट. त्यापेक्षा कारावाज्जो बरा. 1601-02च्या सुमाराच्या त्याच्या चित्रात जखमा पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याच्या, थोमाच्या, कपाळावर आठ्यांचं जाळं आहे, अंगरख्याची खांद्यावरची शिवण उसवलेली आहे आणि त्याचं बोट कुशीच्या जखमेत शिरलेलं आहे. मनगट धरून ते तिथवर नेतो आहे खुद्द येशू. योहानानं एवढं लिहिलेलं नाही. त्याच्याकडे फक्त निमंत्रण आहे. थोमानं हात लावला की नाही, हे तो सांगत नाही. चित्रकारानं एक पाऊल पुढे टाकलं आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणला. तो यायलाच हवा.

मनाच्या जखमेवर आपल्याकडे सर्रास एकच औषध सांगतात: विसरा. झालं गेलं गंगेला मिळालं. ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारा दिलासाही याच जातीचा असणार, असा समज चर्चच्या आत आणि बाहेर सारखाच आढळतो. प्रार्थना केली, अश्रू पुसले गेले, आता नुसता आनंद. मूळ ग्रंथ याला दुजोरा देत नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत फार मोठा वाटा गाऱ्हाण्यांचा आहे, आणि ती गाऱ्हाणी थेट देवाच्या तोंडावर केलेली आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. उजेडाची तिरीपसुद्धा नाही. ज्यांनी हा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांना ते गाळता आलं असतं, निदान शेवटी आशेची एक ओळ जोडता आली असती. त्यांनी जोडली नाही, आणि माझ्या मते साऱ्या संग्रहातली ती सर्वांत प्रामाणिक जागा आहे. लाजराच्या कबरीपाशी येशू रडतो, आणि आपण त्याला आता उठवणार आहोत हे ठाऊक असताना रडतो. पुढे चांगलं होणार म्हणून आजचं रडणं चुकीचं ठरत नाही, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. ही श्रद्धा जखम मिटवून टाकत नाही. ती झाकून ठेवण्याची सक्ती उठवते, आणि पुढे कधीतरी त्या जखमेच्या हाती काम देते.

हे नुसत्या तर्कानं पटणार नाही. एक आयुष्य उघडून पाहावं लागेल, आणि मराठी वाचकाला त्यासाठी दूर जायला नको. पंडिता रमाबाई 1858मध्ये गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईनं ते लेकीला दिलं. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडणारं हे कुटुंब 1870च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं आणि वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक गेली. आईच्या तिरडीला माणसं पुरेनात. चौथा खांदा रमाबाईंचा होता, पण उंची कमी पडली म्हणून ते टोक त्यांनी डोक्यावर घेतलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. 1880मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. संसाराला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती आणि कडेवर तान्ही मनोरमा होती. पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजला पोचल्यावर सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. साक्ष देणाऱ्यांची गोष्ट बहुधा इथे संपते. रमाबाईंची संपत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळायचा होता, अशा आशयाचं त्यांनी 1907च्या आत्मनिवेदनात लिहिलं. मनाला स्वस्थता यायला आणखी आठेक वर्षं जावी लागली. मधल्या काळात वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालला होता: त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, कुणाचं किती ऐकायचं. गोड साक्षींपेक्षा मला ही पत्रं अधिक आवडतात. हुज्जत घालणारी बाई बरी होत असते.

त्यांना मुळात हलवलं ते एका घरानं. लंडनच्या फुलहॅम भागातल्या त्या घरात समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना वाँटेजच्या मठातल्या भगिनी सांभाळत. हे का करता, असं विचारल्यावर रमाबाईंना शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली गेली: पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली, आणि येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं ती. रमाबाईंनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन हे त्या कथेचं मराठी उत्तर. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन परतल्या. भूक जिनं अंगावर काढली होती तिला कुणाला आधी उचलायचं हे शिकवावं लागलं नाही. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन. छापखाना निघाला आणि तिथल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या. काना, मात्रा, वेलांटी, रफार, सगळ्यांचे खण वेगळे. अक्षरं उलटी वाचायची आणि एक वेलांटी चुकली की ओळ सोडून पुन्हा बांधायची. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यातून 1924मध्ये बाहेर पडलं. ते पाहायला त्या नव्हत्या. जुलै 1921मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, आणि भाषांतर हातावेगळं करून एप्रिल 1922मध्ये रमाबाई. श्रद्धेनं त्यांना शेवटचा घावही चुकवला नाही.

यावर आक्षेप येतील, आणि यायला हवेत. असं काम ख्रिस्ती श्रद्धेवाचूनही होतं. खरंच आहे, धोंडो केशव कर्वे यांनी केलं, आणि 1893मध्ये ज्या गोदूबाईंशी त्यांनी लग्न केलं त्या रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेत शिकलेल्या. हा एकच रस्ता, असा दावा इथे नाही. दुसरा आक्षेप धर्मांतराचा. त्याच 1893मध्ये शारदा सदनावर वादळ उठलं, ‘केसरी’नं झोड उठवली, अनेकांनी मुली काढून नेल्या. भुकेल्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न केडगावलाही विचारलाच पाहिजे. त्या मुलींना घरात घ्यायला दुसरं कोण पुढे आलं होतं, हाही. तिसरा आक्षेप, धर्म ही अफू आहे, हा. पण अफू माणसाला निजवते. गुंगीतल्या माणसाकडून हजाराच्या वर माणसांच्या रोजच्या जेवणाची सोय होत नाही. सर्वांत जड आक्षेप चर्चच्या आतूनच येतो. मार खाणाऱ्या बायकोला क्षमा कर म्हणून परत धाडलं जातं, छळ झालेल्या मुलाला गप्प बसवलं जातं, आणि दोन्ही वेळा ख्रिस्ताचंच नाव पुढे केलं जातं. याचं उत्तर पुन्हा योहानापाशी सापडतं. जखमा दाखवल्या त्या ज्याला झाल्या त्यानं, आपण होऊन. थोमा आठवडाभर अविश्वासी राहिला, तरी इतरांनी त्याला घराबाहेर काढलं नाही. दुखावलेल्याकडून क्षमा तारीख लावून वसूल करण्याचा हक्क यात कुणालाही दिलेला नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या माणसाला एकही उपदेश मिळत नाही. त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला जातो, पट्टी बांधली जाते, त्याला जनावरावर घालून उतारशाळेत नेलं जातं आणि खर्चासाठी दोन दिनार मोजले जातात. तेव्हा झोप उडालेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला पाळकांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं हे श्रद्धेत उणं पडणं नव्हे, ते दाखल्याबरहुकूम वागणं आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. दुखावलेल्या माणसाच्या घरी जाणाऱ्यानं वचनं पाठ करण्याआधी एवढं तरी शिकून जावं.